दाजींनी आणलेला छोटा खोका

यावर कोणाचाही विश्वास बसणार नाही, आणि बसावा असा माझा आग्रहही नाही. ज्यांचा लगेच विश्वास बसतो त्यांना गोष्ट सांगण्यात मजा ती काय? तरी सांगतो. नऊ माणसांची एक गाडी मी नुसत्या गुणगुणण्यावर घाट चढवलेली आहे. इंजिन चालू होतं, नाही म्हणत नाही. पण इंजिनाने ओढली ती गाडी. अब्रू ओढली ती मी.

विषय निघाला तो बेकरीवाल्यामुळे. त्याची पाव पोचवायची व्हॅन गॅरेजात स्टँडवर चढवलेली होती. मागची चाकं काढून भिंतीला टेकवलेली, आणि त्या दोन चाकांच्या मधला लोखंडी भोपळा, ज्याला डिफरन्शियल म्हणतात, तो उघडा पडलेला. आतल्या गियरचे चार दात झडून तेलात पडले होते. माझ्या भाचीने ते वेचून एका वाटीत काढून ठेवले होते, डॉक्टर मुतखडा दाखवायला ठेवतात तसे.

गॅरेज आता भाची चालवते. मी दाराजवळ, मोडीत निघालेल्या एका गाडीच्या मागच्या सीटवर बसतो आणि सल्ले देतो. हे काम मला कोणी दिलेलं नाही, त्यामुळे ते माझ्याकडून कोणी काढूनही घेऊ शकत नाही.

"गियरची जोडी नवीन टाकायची," भाची बेकरीवाल्याला सांगत होती. "मोठा तो क्राऊन, छोटा तो पिनियन. दोन्ही एकमेकांवर घासून तयार केलेले असतात, म्हणून जोडीनेच घ्यायचे. आणि ते बसवायला एक किट लागतं. त्यात दोन प्रकार. बघा."

बाकावर दोन खोके होते. छोट्यात तेलाचं सील, एक नट, पोलादाची एक नळी, पॅकिंग आणि दातांवर लावायच्या पिवळ्या रंगाची ट्यूब. मोठ्यात हे सगळं, वर चार नवीन बेअरिंग आणि पत्र्याच्या पातळ चकत्या. बेकरीवाल्याने आधी छोटा खोका उचलला, मग मोठा, मग पुन्हा छोटा. पीठ मळणाऱ्या माणसाचे हात ते, वजनावरून ठरवायला बसले.

"जुनी बेअरिंग चांगली दिसतात की," तो म्हणाला. "तीच चालणार नाहीत का?"

मी सीटवरून उठलो. गुडघे वाजले, पण उठलो.

"तुम्ही आमच्या दाजींचे कोण लागता?"

"कोण दाजी?"

"माझे बाबा," भाची व्हॅनखालून म्हणाली. "आता हा मामा तुम्हाला घाट चढवणार. तासभर वेळ असेल तर बसा."

बेकरीवाला टायरवर बसला. गाडी उघडी पडलेल्या माणसाला वेळच वेळ असतो.

आमच्या थोरल्या बहिणीचे यजमान ते दाजी. अत्यंत सज्जन माणूस. हे मी आधीच सांगून टाकतो, कारण यापुढे त्यांच्याबद्दल चांगलं बोलायची संधी मला मिळणार नाही. त्यांचं गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान होतं. दाजींना गाडीतलं सगळं कळे, फक्त गाडी कळत नसे. कुठल्याही भागाचा नंबर विचारा, झोपेत सांगतील. तो भाग गाडीत कुठे बसतो ते विचारा, कॅटलॉग उघडतील. खिशाला तीन पेनं, मनगटाला घड्याळ, नखं अशी स्वच्छ की लग्नात आम्हाला वाटलं मुलगा दातांचा डॉक्टर असावा. दुकानात खोके इतके की सकाळी आत शिरलेलं गिऱ्हाईक संध्याकाळी मागच्या दाराने बाहेर पडायचं, आणि वाटेत त्याची दाढी वाढलेली असायची.

"मामा," खालून आवाज आला, "माणसाने थोडी लाज ठेवावी."

"तुझ्या बापाबद्दल बोलत नाही गं. एका दुकानदाराबद्दल बोलतोय."

तर ताई, म्हणजे हिची आई, गाडी चालवायची. नऊ माणसांची लांब गाडी. स्टेशनसमोरून उतारू घ्यायचे, सांगतील तिथे सोडायचे. पहाटे बाहेर पडायची ती दिवस मावळता घरी. ही भाची तेव्हा आठ महिन्यांची. आई घरी यायची तेव्हा ही झोपलेली, आई निघायची तेव्हाही झोपलेली. ताई म्हणायची, "मला वाटतं मला मुलगी झालीये ती डोळे मिटूनच जन्माला आली."

अशात खाणीच्या कचेरीचं काम निघालं. कामगारांना सकाळी घाटावर सोडायचं, दुपारी खाली आणायचं. ठरलेली वेळ, तीन वर्षांचा करार. दुपारी दोनला गाडी दारात, ताई घरात, पोरगी मांडीवर. तेवढ्याचसाठी तिला ते हवं होतं. पण एक अट होती. सोमवारी दहा वाजता खाणीचा साहेब स्वतः गाडीत बसणार आणि गाडी घाट चढून दाखवणार. हा साहेब म्हणजे विचित्र प्राणी. गाडीकडे पाहायचासुद्धा नाही. मधल्या सीटवर बसायचा, डोळे मिटायचा आणि ऐकायचा. मागच्या गियरने जरा रडका सूर लावला की गाडी परत. आधीच्या आठवड्यात दोन गाड्या त्याने अर्ध्या घाटातून वळवल्या होत्या. तो म्हणायचा, चढावर आज रडणारा गियर उद्या तुटतो, आणि तुटतो तेव्हा आत नऊ जण असतात.

आणि ताईची गाडी तर रडायचीच. रडायची कसली, टाहो फोडायची! ती गल्लीत शिरली की समोरच्या न्हाव्याचा वस्तरा आपोआप वळायचा. त्या वर्षी आमच्या भागात अर्ध्या मिशीचे सतरा लोक होते. मोजलेत मी.

"मागच्या वेळी बारा होते," भाची म्हणाली.

"पाच जणांनी नंतर कबूल केलं."

म्हणून रविवारी गियर बदलायचं ठरलं. गॅरेज हेच, तेव्हा माझं होतं. जोडी आली. प्रश्न राहिला किटचा. मी स्पष्ट शब्दांत सांगितलं होतं, मोठा खोका आणा. नवीन गियर आणि जुनी बेअरिंग म्हणजे नवऱ्या मुलाला नवा कोट आणि पायात फाटकी चप्पल. दाजी दुकानात गेले आणि काय घेऊन आले? छोटा खोका! आणि वर चेहऱ्यावर ते हसू, कॅटलॉगच्या पहिल्या पानावर असतं तसलं.

"अहो दाजी, बेअरिंग कुठायत?"

"गाडीत आहेत ना," दाजी म्हणाले. त्यांनी जुनं बेअरिंग रुमालाने पुसलं, करंगळीवर चढवलं, कानाजवळ नेऊन फिरवलं. घड्याळ ऐकतात तसं. "मस्त आहे. मूळ कंपनीचं आहे. अजून दहा वर्षं हलणार नाही."

"दाजी, बोटावर फिरवलं की सगळीच मस्त असतात. बोटावर नऊ माणसं बसलेली नसतात."

यावर दाजींनी काय करावं? त्यांनी मला बेअरिंगचा नंबर सांगितला. अकलेचे तारे तोडावे तर असे, मोजून आणि क्रमाने.

ताई दारात पोरीला खांद्यावर घेऊन उभी होती. ती म्हणाली, "तुम्हा दोघांचं झालं असेल तर उद्या दहाला माझी गाडी घाटाखाली उभी पाहिजे. खोका छोटा की मोठा ते मला सांगू नका. मला फक्त ती गप्प झालेली हवी आहे."

बेकरीवाल्याने विचारलं, "मग तुम्ही परत का नाही पाठवलं त्यांना? मोठा खोका आणायला?"

चांगला प्रश्न. मी थोडा खोकलो. रविवार होता, म्हणालो. दुकान बंद होतं.

"त्यांचंच दुकान ना?"

"किल्ली हरवली होती."

व्हॅनखाली पान्याचा आवाज क्षणभर थांबला आणि पुन्हा सुरू झाला.

असो. काम सुरू झालं. मी मागच्या ब्रेकमध्ये डोकं घालून बसलो होतो, तेवढ्यात दाजींना हुक्की आली. बाह्या वर केल्या, घड्याळ काढून खिशात ठेवलं आणि पिनियनचा नट आवळायला घेतला. जन्मात पहिल्यांदा पाना हातात धरला असेल, आणि तोही उलटा. मी वर पाहीपर्यंत सगळं उरकून हात धुवायला गेलेले. मी विचारलं, "किती घट्ट झालं ते काट्यावर बघितलंत?" म्हणाले, "बघितलं, बरोबर आहे." दाजी म्हणाले बरोबर, म्हणजे मी समजायला हवं होतं. पण नात्याने मोठे पडले. बोलणार काय?

सोमवारी दहाला घाटाखाली साहेब चढला. मधल्या सीटवर बसला, डोळे मिटले. ताईच्या हातात स्टिअरिंग, दाजी तिच्या शेजारी मांडीवर कॅटलॉग घेऊन. मी अगदी मागे, बरोबर डिफरन्शियलच्या डोक्यावर. बाकी सीटांवर वजनासाठी वाळूची पोती.

पहिलं वळण गप्प. दुसरं गप्प. ताईची मान जरा सैल झाली. आणि तिसऱ्या वळणावर माझ्या सीटखालून आला तो सूर. बारीक, लांब, नाकातला. मी ओळखलाच. पिनियन जागेवर राहत नव्हतं, आत खेळत होतं. साहेबाची एक भुवई हलली.

आता इथे दुसरा कोणी असता तर डोळे पांढरे करून बसला असता. मी काय केलं? मी गुणगुणायला लागलो. पण गाणं नव्हे! गियरचा सूर वर गेला की मी खाली, तो खाली आला की मी वर. तो श्वास सोडेल तिथे मी घ्यायचा. दोन आवाज समोरासमोर आले की एकमेकांना खाऊन टाकतात, हे मला ठाऊक होतं. आमच्या घरी दोन आत्या होत्या. बघता बघता गाडीत अशी शांतता पसरली की साहेबाला स्वतःच्या पापण्या मिटल्याचा आवाज आला आणि तो दचकला.

"मागे कोणी गातंय का?" साहेबाने विचारलं.

"माझा भाऊ आहे," ताई आरशात माझ्याकडे बघत म्हणाली. "त्याला चढ लागला की असं होतं."

दाजी? दाजी कॅटलॉगची पानं उलटत होते. बायकोची तीन वर्षं सीटखाली किंचाळतायत, मेहुणा फुप्फुसं पणाला लावून ती झाकतोय, आणि हे महाशय सीलचा नंबर तपासतायत!

नऊ वळणं मी तो गियर गिळला. बारावं शेवटचं. वर खाणीचं फाटक दिसत होतं, पहारेकऱ्याने हातसुद्धा वर केला. आणि मला उचकी लागली. एक. एकच. पण त्या एका उचकीच्या फटीतून नऊ वळणांचा साठलेला आवाज एकदम बाहेर पडला. मागची काच तडकली. साहेबाच्या खिशातलं पेन फुटून शर्टावर शाईचा नकाशा झाला. फाटकावरचा पहारेकरी आडवा पडला, त्याला वाटलं खाणीत सुरुंग उडाला.

साहेबाने डोळे उघडले आणि अगदी हळू म्हणाला, "बाई, गाडी वळवा."

बेकरीवाला हसून हसून टायरवरून घसरला होता. तो सावरून बसला. "मग? काम गेलं?"

गेलं. तीन वर्षं दुसऱ्या कोणाची गाडी घाट चढली. ताई पुन्हा स्टेशनसमोर. ही पोरगी दाजींच्या दुकानात वाढली, काउंटरवर, बेअरिंगच्या रिकाम्या खोक्यात झोपून. पहिला शब्द 'आई' नव्हता हिचा. 'नग' होता.

आणि ऐका दाजींचा पराक्रम. खाली आल्यावर मी डिफरन्शियल उघडलं. नट मागे आलेला, दांडा हलतोय, नव्या दातांवर रंगाचे ठसे भलतीकडेच. ताई समोर उभी. तिने विचारलं, "हा नट कोणी आवळला?" दाजींनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग जमिनीकडे, आणि म्हणाले, "माझं चुकलं. मी चुकीचा खोका आणला." पाहा माणूस! नटाचं विचारलं तर खोक्याचं सांगतो! सरळ उत्तर द्यायचीसुद्धा धमक नाही. ताई पुढे आठ दिवस त्यांच्याशी बोलली नाही, आणि हे आठ दिवस गुपचूप ताटाकडे बघून जेवले. असला माणूस. कणा म्हणून नाही. तेव्हापासून मी ठरवलं, छोटा खोका या गॅरेजात येता कामा नये.

बेकरीवाला मोठ्या खोक्यावर हात ठेवत म्हणाला, "पटलं. म्हणजे हा घेतला की काळजी मिटली."

"मिटली कसली?" मी म्हणालो. धंद्याच्या बाबतीत मला खोटं बोलवत नाही, हा माझा दोष. "बेअरिंगची काळजी मिटली. नळी मोठ्या खोक्यातही एकच असते. खरी मेख त्या नळीत आहे."

मी छोट्या खोक्यातली नळी काढून त्याच्या हातात दिली. बोटभर लांबीची, मधून जराशी फुगलेली.

"हे पिनियनच्या दांड्यावर बसतं, दोन बेअरिंगच्या मध्ये. पुढून नट आवळत जायचं. नट आवळला की ही चिरडत आखूड होते आणि बेअरिंग घट्ट होत जातात. किती घट्ट, ते बघायला दांड्याला दोरी गुंडाळायची, स्प्रिंगचा काटा अडकवायचा आणि ओढायचं. ठरलेला आकडा आला की थांबायचं. पुढे गेलात तर ही संपली. चिरडलेली नळी पुन्हा लांब होत नाही. सगळं उघडून नवी घालायची, दुसरा इलाज नाही."

"मग थांबायचं कधी ते कळतं कसं?"

कोपऱ्यातला लांब पाना मी उचलला. बाकाच्या शिकंज्यात एक दांडा होता, त्याच्यावर लावला आणि त्याला दाखवायला उभा राहिलो. पाना हातात आला की माझी पाठ आपोआप सरळ होते.

"हे बघा. आधी काहीच होत नाही. दगड. सगळं अंग टाकलं तरी दगड. माणसाला वाटतं, नट अडकलाय. मग अचानक ती नळी मऊ पडते. आवाज नाही, काही नाही. इथे, मनगटाच्या आतल्या बाजूला कळतं. आता प्रत्येक वेळी केसभरच पुढे जायचं. ओढायचं, काटा बघायचा. ओढायचं, काटा बघायचा. आणि बाहेर कोणीतरी विचारतं, झालं का? लहान मूल रडत असतं. तुम्ही म्हणता, हे एकदाच जरा जास्त ओढू. आणि ते जास्त होतं. डोक्याला कळायच्या आधी मनगटाला कळतं, की गेलं. काटा लावावा तर आकडा दुप्पट. दुसरी नळी नाही. तुम्ही आजूबाजूला बघता. कोणी पाहिलेलं नाही. मग अगदी हळू, अर्धा आटा नट मागे घ्यायचा. आणि गंमत बघा, काटा बरोबर येतो! आकडा अगदी हवा तो. हाताने फिरवलं तर लोण्यासारखं फिरतं. तुम्हाला स्वतःलाच वाटायला लागतं, बसलंय की व्यवस्थित. हे जे वाटणं आहे ना, तेच घाटात किंचाळतं."

बेकरीवाला हसत नव्हता. तो माझ्या मनगटाकडे बघत होता. मीही बघितलं. पाना अजून अर्धा आटा मागे धरलेला होता.

भाची व्हॅनखालून सरकत बाहेर आली. हात पुसत उभी राहिली.

"बाबांनी सांगितलं तुला हे?"

"दाजी कशाला सांगतील? असल्या गोष्टी माणूस बायकोला सांगत नाही, मेहुण्याला काय सांगणार?"

"मग बाबांच्या मनगटाला आधी कळलं, त्यांनी आजूबाजूला बघितलं, हे तुला कुठून कळलं?"

"अंदाजाने. इतकी वर्षं काढली या धंद्यात."

"मामा," ती म्हणाली, आवाज न चढवता, तिच्या आईसारखाच, "पेन फुटलं, काच तडकली, पहारेकरी आडवा पडला, सगळं मान्य. पण बाबांनी मोठाच खोका आणला होता, आणि नट तू आवळलास."